पाच जोड्या आणि एक ओढा

दर मंगळवारी संध्याकाळी ग्लासगोमधल्या एका चर्चच्या सभागृहात आम्ही तीसेक जण स्कॉटिश कंट्री डान्स नाचायला जमतो. लाकडी जमीन, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली आणि फळ्यावर त्या दिवशीच्या नाचांची यादी, एवढाच तिथला थाट असतो. तीन वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, त्या यादीत ‘पोलहॅरो बर्न’ हे नाव पहिल्यांदा वाचले. ‘बर्न’ म्हणजे जळणे हा एकच अर्थ तेव्हा मला ठाऊक होता. त्यामुळे पोलहॅरो नावाचे एखादे गाव कधीकाळी शत्रूने जाळले असेल आणि त्याच्या आठवणीसाठी हा नाच बांधला असेल, अशी माझी समजूत झाली. स्कॉटलंडच्या इतिहासात जाळपोळीची वाण नाही, म्हणून ती समजूत मला लगेच पटूनही गेली. त्या दिवशी माझे जोडीदार असलेले सत्तरीतले गृहस्थ दक्षिणेकडच्या गॅलोवे भागातले होते. गाव कोणी जाळले, असे मी त्यांना विचारले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, “कोणीही नाही. बर्न म्हणजे ओढा. आमच्याकडचा एक लहानसा ओढा आहे तो.” नाव उच्चारताना ‘हॅ’वर जोर द्यायचा असतो, हेही त्यांनीच सांगितले. तेवढ्यात संगीत सुरू झाले आणि बोलणे तिथेच थांबले.

घरी येऊन मी नकाशा उघडला. तेव्हापासून हा नाच आणि हा ओढा या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकमेकींना धरून राहिल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे कितीतरी दिवस वाटत होते.

ज्यांनी हा नृत्यप्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कंट्री डान्समध्ये बहुतेक वेळा पुरुषांची एक ओळ आणि समोर बायकांची एक ओळ असते आणि प्रत्येकाचा जोडीदार त्याच्या बरोबर समोर उभा असतो. अशा मांडणीला सेट म्हणतात. वादक ज्या टोकाला बसलेले असतात तिथली जोडी पहिली, तिच्यानंतरची दुसरी, अशी मोजणी होते. रील आणि जिग हे जलद लयीचे प्रकार, तर स्ट्रॅथस्पे हा संथ, ठाय लयीत नाचायचा आणि खास स्कॉटलंडचाच. पोलहॅरो बर्न हा रील आहे. त्याचे एक आवर्तन ३२ बारांचे, म्हणजे संगीतातल्या तालाच्या ३२ लहान सारख्या भागांचे, असते आणि तेवढ्या वेळात सेटमधल्या जोड्यांच्या जागा बदलतात. मग नव्या क्रमाने तेच आवर्तन पुन्हा सुरू होते. नेहमीच्या नाचांत चार जोड्या असतात आणि एका वेळी त्यांतली एकच मुख्य असते. इथे मात्र सेट पाच जोड्यांचा आहे, आणि पहिली व तिसरी अशा दोन जोड्या एकदमच निघतात. त्यामुळे हा नाच बाहेरून पाहताना कुठे नजर ठेवावी ते कळत नाही. आत नाचताना तर क्षणभरही बेसावध राहून चालत नाही, कारण दोन्ही मुख्य जोड्या आपापल्या कोपऱ्यांवरच्या माणसांकडे वळतात तेव्हा त्यांच्या मधोमध उभी असलेली चौथी जोडी दोघींनाही हवी असते.

या चौथ्या जागेवरून मी हा नाच पहिल्यांदा नाचले. आपण ‘मुख्य’ नाही म्हणजे आपल्याला फारसे काम नाही, या समजुतीने मी निवांत उभी होते, आणि वरच्या बाजूने एक हात व खालच्या बाजूने दुसरा हात जवळजवळ पाठोपाठ माझ्यासमोर आले. एकाला हात देऊन सोडेपर्यंत दुसऱ्याची वेळ झालेली. त्या दोन हातांच्या मधले अर्ध्या श्वासाचे अंतर सांभाळण्यात या नाचाची सारी गोडी आहे, असे मला आजही वाटते.

आता नावाकडे येते. कंट्री डान्सच्या नावांचा त्या नाचाच्या आकृतीशी संबंध असेलच असे नाही, किंबहुना जुन्या नाचांत तो बहुधा नसतोच. अठराव्या शतकात छापलेल्या संग्रहांत आधी धून यायची आणि तिच्याखाली त्या धुनेवर नाचायच्या हालचाली लिहिलेल्या असायच्या. धुनेचे जे नाव तेच नाचाचे. १९२३ साली ग्लासगोमध्ये जीन मिलिगन आणि यझोबेल स्ट्यूअर्ट या दोघींच्या पुढाकाराने स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी स्थापन झाली. १९५१ साली तिच्या नावाला ‘रॉयल’ हा शब्द जोडला गेला. या संस्थेने जुनी हस्तलिखिते, छापील संग्रह आणि खेड्यापाड्यांतल्या जाणत्या नर्तकांची स्मरणशक्ती यांतून मोडकळीला आलेले नाच गोळा केले, छापले आणि शिकवले. हे काम झाले नसते तर आज आम्ही मंगळवारी कशासाठी जमलो असतो कोण जाणे. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापासून जाणकार नर्तक स्वतःच नवे नाच बांधू लागले, आणि तेव्हा नाव ठेवण्याचा अधिकार धुनेकडून माणसाकडे आला. कोणी मित्राच्या लग्नावरून नाव ठेवले, कोणी आपल्या शिक्षिकेवरून, तर कोणी घराजवळच्या टेकडीवरून. असे नाच आज हजारोंनी आहेत. त्यांची नावे नुसती एकापुढे एक वाचत गेले तरी दऱ्या, माळ, ओढे, पूल आणि डोंगर यांचा एक मोठा प्रदेश डोळ्यांसमोर उभा राहतो.

पोलहॅरो बर्न बांधणारे ह्यू फॉस हे असेच घराजवळची नावे ठेवणारे गृहस्थ होते. पण त्यांचे घर गॅलोवेत फार उशिरा झाले. १९०२ साली त्यांचा जन्म जपानमधल्या कोबे शहरात झाला, कारण त्यांचे वडील तिथे ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि ओसाकाचे बिशप म्हणून ओळखले जात. केंब्रिजमध्ये शिक्षण झाल्यावर १९२४ साली ह्यू फॉस ब्रिटिश सरकारच्या गुप्तलिपी विभागात रुजू झाले. एनिग्मा हे जर्मन सांकेतिक यंत्र तेव्हा बाजारात विकत मिळत होते. त्याची लिपी कितपत अभेद्य आहे हे तपासण्याचे काम १९२०च्या दशकात त्यांच्याकडे आले होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्तलिपी उलगडण्याच्या केंद्रात होते. तिथे जर्मन आरमाराच्या एनिग्मावर काम करताना त्यांनी १९४० सालच्या मे महिन्यातल्या एका दिवसाचे संदेश उलगडले, आणि सहकाऱ्यांमध्ये तो दिवस ‘फॉसचा दिवस’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. पुढे जपानी आरमाराच्या संदेशांवर काम करणारा विभाग त्यांच्या हाताखाली होता. आणि त्याच ब्लेचलीत, कामाच्या पाळ्या सांभाळून, हा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा माणूस किल्ट घालून सहकाऱ्यांना स्कॉटिश नाच शिकवत असे. दिवसभर अक्षरांच्या जंजाळात अडकून पडलेली तरुण मुले-मुली संध्याकाळी त्यांच्याकडून रील शिकत होती. हे चित्र मला फार हृद्य वाटते.

निवृत्तीनंतर फॉस गॅलोवेतल्या सेंट जॉन्स टाउन ऑफ डलराय या छोट्या गावात राहायला गेले. त्यांच्या घराचे नाव ग्लेनडॅरॉक. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नाचांच्या सुट्या पत्रकांना नर्तक आजही ‘ग्लेनडॅरॉक शीट’ म्हणतात आणि पोलहॅरो बर्न त्याच मालिकेतला. १९७१ साली ते वारले. ब्लेचलीतल्या कामाचा गौप्यस्फोट होऊन जगाला त्याची माहिती होऊ लागली ती १९७४ पासून. म्हणजे डलरायमध्ये राहत असताना आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाविषयी शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची मुभाच त्यांना नव्हती. नाचांविषयी मात्र हवे तेवढे बोलता येत होते. त्या नाचांना त्यांनी अवतीभवतीच्या टेकड्यांची आणि पाण्याची नावे दिली, हे कळल्यापासून ही नावे मी जरा थांबून वाचते.

‘बर्न’ हा शब्द स्कॉटलंडभर आहे आणि तो जुन्या इंग्रजीतून आलेला आहे. रॉबर्ट ब्रूस आणि कोळ्याची गोष्ट आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. त्याच ब्रूसने १३१४ साली ज्या बॅनकबर्नच्या लढाईत इंग्रजांचा पराभव केला, ते बॅनकबर्न हेही मुळात एका ओढ्याचेच नाव. मात्र आपल्या ओढ्याच्या नावातला पहिला भाग बर्नहून कितीतरी जुना आहे. गॅलोवेत ‘पोल’ किंवा ‘पुल’ने सुरू होणाऱ्या नावांचे ओढे ठिकठिकाणी आढळतात. हा शब्द गेलिक भाषेत आहे आणि त्याआधी या भागात बोलल्या जाणाऱ्या, आजच्या वेल्शच्या नात्यातल्या ब्रिटॉनिक भाषेतही होता. डोह, साचलेले पाणी असा त्याचा मूळ अर्थ. गॅलोवेत तो सरळ ओढ्यासाठी रूढ झाला. थोडे उत्तरेला पोलमॅडी नावाचा ओढा आहे. त्याच्या नावातला दुसरा भाग गेलिकमधल्या कुत्रा किंवा लांडगा या अर्थाच्या शब्दाचा मानतात. त्याच्या काठी त्याच नावाचे एक उठून गेलेले खेडेही आहे, जिथे आज फक्त घरांच्या जोत्यांचे दगड उरले आहेत.

तेव्हा ‘पोलहॅरो बर्न’ या नावात ओढा दोनदा येतो. आधी गेलिक बोलणाऱ्यांनी त्याला पोल म्हटले. पुढे ती भाषा मागे पडली आणि पोलचा अर्थ ऐकणाऱ्याला कळेनासा झाला, तेव्हा इंग्रजीच्या नात्यातली स्कॉट्स भाषा बोलणाऱ्यांनी त्यापुढे आपला बर्न जोडला. आपणही ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतो तेव्हा हेच करतो, कारण सह्याद्रीतल्या ‘अद्री’चा अर्थ पर्वतच आहे. ही चूक आहे असे मला मुळीच वाटत नाही. भाषा बदलली तरी लोकांनी जुने नाव टाकून दिले नाही, ते तसेच ठेवून त्यापुढे आपल्या बोलीत खूण केली, यात मला त्या पाण्याविषयीची आपुलकीच दिसते.

गॅलोवे हे नावच मुळी ‘परके गेल’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. म्हणजे गेलिक बोलणारे, पण नॉर्स लोकांमध्ये मिसळून गेलेले, म्हणून इतर गेलांना परके वाटणारे लोक. या एवढ्याशा कोपऱ्यात ब्रिटॉनिक, अँग्लियन, नॉर्स, गेलिक आणि स्कॉट्स असे भाषांचे थर एकावर एक बसले, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी डोंगरांना व पाण्याला काही ना काही नावे ठेवली. फॉस यांच्या आणखी एका नाचाचे नाव ‘एअरी बेनन’ असे आहे. एअरी म्हणजे उन्हाळ्यात गुरे घेऊन वर जाणाऱ्यांची कुरणावरची खोपटी, आणि बेनन म्हणजे छोटा डोंगर. हा अर्थ कळला की त्या नावात एक अख्खी राहणी दिसू लागते: उन्हाळा लागला की गुरांबरोबर वर निघालेली माणसे, लोण्याचे काम, रात्रीची थंडी. तिथे आज कोणी गुरे घेऊन राहत नाही. पण कुठल्याशा सभागृहात कोणीतरी फळ्यावर खडूने ‘एअरी बेनन’ असे लिहिते, आणि ती खोपटी नावापुरती का होईना, शिल्लक राहते.

म्हणून मला मनापासून वाटते की नाच शिकवताना त्याच्या नावाचा अर्थही सांगावा. अर्धे मिनिट लागते. पावले, हात, वळणे यांवर आपण तासन्‌तास घालवतो. ज्या नावाने तो नाच आपल्यापर्यंत पोचला त्याला अर्धे मिनिट देणे काही जड नाही.

पोलहॅरो बर्नचे पाणी येते ते रिन्स ऑफ केल्स या डोंगररांगेच्या पूर्व उतारावरून. कॉर्सरीन हे तिथले सर्वांत उंच शिखर, ८१४ मीटर. त्याच्या उत्तरेला कार्लिन्स केर्न म्हणजे ‘म्हातारीची दगडांची रास’. या रांगेची घडण समजून घेतली तेव्हा मला फार आनंद झाला. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथल्या जुन्या गाळाच्या खडकात खालून तप्त शिलारस घुसला आणि आतच थिजून त्याचा ग्रॅनाइट झाला. त्याच्या भोवतालचा खडक त्या उष्णतेने भाजून निघाला आणि कणखर झाला. पुढे ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी मधला ग्रॅनाइट झिजवून खोलगट केला, पण भाजलेली कड टिकून राहिली. तीच कड म्हणजे पूर्वेची रिन्स ऑफ केल्स आणि पश्चिमेकडची मेरिकची रांग. एखाद्या मोठ्या परातीचे काठ उभे राहावेत आणि तळ खाली राहावा, तशी ही रचना आहे. हिमयुगात या काठाच्या बाहेरच्या अंगाला बर्फाने खोल खळगे कोरले. त्यांत आज लॉक हॅरो, लॉक मिनॉक आणि लॉक डंजन अशी तळी आहेत. या तळ्यांचे आणि उतारांचे पाणी एकत्र होऊन पोलहॅरो बर्न पूर्वेकडे उतरतो आणि डलरायच्या उत्तरेला केन नदीला मिळतो. केनवर १९३०च्या दशकात जलविद्युत प्रकल्पाची धरणे बांधली गेली. त्यांच्यातून वाट काढत हे पाणी पुढे डी नदीत आणि शेवटी कर्कुब्रीजवळ समुद्रात जाते.

गेल्या मे महिन्यात आई कुडाळहून माझ्याकडे आली होती, तेव्हा आम्ही दोघी हा ओढा पाहायला गेलो. एअरहून कॅसल डग्लसकडे जाणाऱ्या रस्त्याने कार्सफेर्न मागे टाकले की डलरायच्या अलीकडे हा ओढा रस्त्याखालून जातो आणि तिथून एक अरुंद फाटा त्याच्या काठाकाठाने वर डोंगराकडे निघतो. आम्ही त्या फाट्याला लागलो आणि थोड्या अंतरावर, एका लहान दगडी पुलापाशी, गाडी बाजूला लावली. खाली उतरून आईने कठड्यावरून वाकून पाहिले.

“अगं, हा तर आपला व्हाळच,” ती म्हणाली.

आणि खरोखर तो व्हाळच होता. रुंदीला चार-पाच पावले. दगडांच्या मधून वाट काढत, कुठे फेसाळत, कुठे एखाद्या खडकामागे क्षणभर थबकून गोल फिरत तो खाली चालला होता. पाणी स्वच्छ, पण वरच्या दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या मातीतून येत असल्यामुळे रंगाने कोऱ्या चहासारखे. ओंजळीत घेतले की तो रंग नाहीसा व्हायचा. काठाला अल्डर आणि बर्च यांची झाडे, आणि त्यांच्यापलीकडे उतारभर लावलेल्या स्प्रूसच्या गर्द, सरळसोट ओळी. कोकणातला व्हाळ मे महिन्यात कोरडा पडलेला असतो, नुसते गोटे दिसतात. हा मात्र भर मे महिन्यात भरून वाहत होता, याचे आईला फार अप्रूप वाटले.

“आणि याच्या नावानं नाच आहे म्हणतेस? मग नाच या पाण्यासारखा आहे का?”

हाच प्रश्न मला वर्गातल्या अनेकांनीही विचारलेला आहे, आणि बहुतेकांना त्याचे उत्तर ‘हो’ असे हवे असते. मुख्य जोड्या हात देत, वळत, इतरांच्या भोवतीने वाट काढत खाली सरकतात; उभी असलेली माणसे दगडांसारखी आणि फिरणारी पाण्यासारखी, असे म्हणणे सोपे आहे आणि ऐकायला गोडही वाटते. पण मला ते पटत नाही. कारण या नाचात दगडासारखे कोणीच नसते. ज्याला आपण उभा समजतो तोही पुढच्याच क्षणी हात पुढे करतो, एक जागा वर सरकतो आणि थोड्या वेळाने स्वतःच मुख्य होतो. शिवाय माणसाला आपल्या रोजच्या वाटेवरचा ओढा आवडतो म्हणून तो एखाद्या गोष्टीला त्याचे नाव देतो. गावाकडे वाडीचे नाव वडावरून पडते, तेव्हा त्या वाडीचा आकार वडासारखा असावा असा आग्रह कोणी धरत नाही. नाव हे शेजाराचे असते, आणि फॉस यांनी दिलेले नाव मी तसेच घेते.

नाचाची खरी जडणघडण मला दिसते ती दुसरीकडे, जोड्यांच्या क्रमात. हे आईला तोंडी समजावता येईना, म्हणून मी ओढ्यातले पाच गोटे वेचून आणले आणि पुलाच्या रुंद कठड्यावर एका ओळीत मांडले: एक पांढरा, एक करडा, एक तांबूस, एक काळा, एक ठिपक्यांचा. पांढरा ही पहिली जोडी, ठिपक्यांचा ही पाचवी. एका आवर्तनात काय होते ते मी हलवून दाखवले. पहिली जोडी तिसऱ्या जागी जाते आणि तिसरी पाचव्या जागी; दुसरी वर सरकून पहिली होते, चौथी दुसऱ्या जागी येते आणि पाचवी चौथ्या. म्हणजे १, २, ३, ४, ५ असा क्रम होता तो २, ४, १, ५, ३ असा झाला. आता पहिल्या आणि तिसऱ्या जागेवर जे असतील ते मुख्य. म्हणजे पांढरा गोटा लागोपाठ दुसऱ्यांदा मुख्य होणार आणि पाचव्या जागी पोचणार; मग त्याला विसावा, पण नुसता नव्हे, कारण पुढच्या तीन आवर्तनांत तो चौथ्या, मग दुसऱ्या, मग पहिल्या जागी येणार.

आई स्वतः गोटे हलवू लागली. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे, त्यामुळे दुसऱ्या खेपेपासून तिला माझी मदत लागली नाही. ती पुटपुटत होती, “पहिला तिसऱ्यात, तिसरा पाचव्यात, पाचवा चौथ्यात, चौथा दुसऱ्यात, दुसरा पहिल्यात.” पाचवी खेप पूर्ण झाली आणि ती थांबली. पांढरा, करडा, तांबूस, काळा, ठिपक्यांचा. सगळे जिथल्या तिथे.

“प्रत्येक जण दोनदा पुढे आणि तीनदा साथीला. आणि कोणाचीही पाळी चुकत नाही,” ती म्हणाली.

अगदी हेच मला सांगायचे होते. एका आवर्तनात ३२ बार, पाच आवर्तनांत १६०, वेळ साधारण तीन मिनिटांचा. तेवढ्यात पाचही जोड्या प्रत्येक जागेवर एकेकदा उभ्या राहतात, प्रत्येकीला दोनदा नेतृत्व मिळते आणि शेवटची नमनाची वेळ येते तेव्हा जो तो आपल्या मूळ जागी असतो. पाच जोड्यांच्या इतरही नाचांत हा क्रम सापडतो, पण पोलहॅरो बर्न नाचताना मला त्यामागे बसलेला माणूस आठवतो. एनिग्मा यंत्रात अक्षरांच्या जागा एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाताना अशाच बदलत जातात. कोणते अक्षर कुठे गेले आणि किती पावलांनी परत फिरले, हे शोधण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याने निवृत्तीनंतर माणसांच्या जागा बदलण्याचा हा खेळ निवडला. इथे उलगडायचे काही नव्हते, लपवायचेही काही नव्हते. पाच जोड्या हसत-खेळत जागा बदलतात आणि परत येतात. त्या कामानंतर हा खेळ हाती घेताना त्यांना किती मोकळे वाटले असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

बराच वेळ आम्ही पुलावर होतो. वर कॉर्सरीनच्या माथ्यावर ढग बसले होते आणि मधूनमधून त्यांची सावली स्प्रूसच्या ओळींवरून खाली सरकत येत होती. एक धोबी पक्षी शेपटी हलवत दगडावरून दगडावर उडत गेला. आईने विचारले, “इथल्या माणसांना ठाऊक आहे का, की यांच्या ओढ्याच्या नावानं लोक नाचतात?” मी म्हटले, माझ्याबरोबर त्या दिवशी नाचलेल्या गृहस्थांना तर होते. जपान, न्यूझीलंड, कॅनडा, जिथे म्हणून स्कॉटिश कंट्री डान्स शिकवला जातो, तिथल्या नर्तकांच्या तोंडी हे नाव असते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी गॅलोवे पाहिलेलेही नसेल.

निघताना आईने कठड्यावरचे गोटे गोळा केले. मला वाटले, आठवण म्हणून ती पिशवीत टाकणार. पण ती खाली काठाशी गेली आणि पाचही गोटे एकेक करून तिने पाण्यात सोडले. पांढरा सगळ्यांत शेवटी.

“नाव सांग गं परत एकदा.”

“पोलहॅरो.”

“पोलहॅरो,” ती म्हणाली. जोर बरोबर ‘हॅ’वर पडला होता.